खरेदीखतातला 'पाषाण' आणि खड्ड्यातली माती

'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह.' ही ओळ मी किती हजार वेळा टाइप केली असेल, मोजलेलं नाही. ठाण्यात कोर्ट नाक्यावर माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, दस्तलेखनाचं टेबल होतं. त्यांच्यानंतर ते मी चालवते, आधी टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. अण्णा म्हणायचे, ही ओळ मंगलाष्टकासारखी आहे, ऐकत कोणी नाही पण म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. जुन्या इनामपत्रांमधून ती खरेदीखतांत आली आणि तिथेच राहिली.

तीन वर्षांपूर्वी धाकटे दीर ओवळ्याहून एक कागद घेऊन टेबलापाशी आले. चेहरा उतरलेला. "वहिनी, स्वतःच्या जमिनीतली माती काढली म्हणून दंड लावतात का हो कुठे?" त्यांच्या हातात तहसीलची नोटीस होती आणि दुसऱ्या हातात माझ्याच हातचं खरेदीखत. 'पाषाण' शब्दाखाली त्यांनी पेनाने रेघ मारून आणली होती.

म्हणजे चूक थोडी माझीही. हे लिहायचं कारण तेच.

आधी त्या ओळीचं काय करायचं

विकणाऱ्याकडे जे नव्हतं ते तो तुम्हाला देऊ शकत नाही, मग खतात काहीही लिहिलेलं असो. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आहे. त्याचं कलम ४८ सांगतं की खनिजं पृष्ठभागावर असोत की जमिनीखाली, शेतात असोत, नाल्यात की खाडीत, त्यांच्यावरचा हक्क राज्य सरकारने राखून ठेवला आहे. सातबाऱ्यावर तुमचं नाव भोगवटादार म्हणून येतं. त्या नावाने तुम्हाला जमीन कसता येते, नियमात बसेल ते बांधता येतं, विकता येतं. दगडाचा हक्क त्या नावामागून येत नाही.

इथे हमखास कोणीतरी मोबाइल पुढे करतो. सुप्रीम कोर्टाने म्हणे सांगितलंय की जमिनीखालचं सगळं मालकाचं. हो, ८ जुलै २०१३ चा निकाल आहे, पण तो केरळातल्या मलबारच्या जन्मी, म्हणजे पूर्वापार खासगी मालकीच्या, जमिनींचा. खनिजं सरकारची आहेत असं सांगणारा कायदा तिथे दाखवता आला नाही, म्हणून मालक जिंकले. आपल्याकडे कलम ४८ स्वच्छ शब्दांत छापलेलं आहे. तो फॉरवर्ड ओवळ्याच्या खड्ड्याला लागू पडत नाही, हे भाऊजींना पटायला दोन चहा लागले.

कलम ४८ मध्ये मालकाच्या बाजूचंही एक पोटकलम आहे, ते फारसं कोणी वाचत नाही. सरकारने तुमच्या जमिनीखालचं खनिज काढायचा हक्क दुसऱ्याला दिला आणि त्यासाठी तुमचा पृष्ठभाग अडवला किंवा उकरला, तर त्याची भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे. ती जिल्हाधिकारी ठरवतात, पटली नाही तर दिवाणी न्यायालय आहे. खाणपट्टेवाल्याने ती न देता तुमच्या शेतात मशीन घालायचं नसतं. पारसिकच्या डोंगरात आणि शिळफाट्याच्या बाजूला इतकी वर्षं दगडखाणी चालल्या, त्या पट्ट्यात ज्यांची जमीन आहे त्यांनी हे पोटकलम पाठ करावं. आणि स्वतःच्याच जमिनीवर खाण काढायची असेल तरी खाणपट्टा लागतो, स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी लागते. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते.

जेसीबी बोलवायच्या आधी

आता भाऊजींचं काय झालं ते सांगते, त्यात बाकीच्यांचं शिक्षण आहे.

घर बांधायला घेतलं. तळघर आणि पाण्याची टाकी यांच्यासाठी ४० फूट लांब, २५ फूट रुंद, ८ फूट खोल खड्डा काढला. निघालेल्या मातीतली काही पुढच्या जोत्यात आणि मागच्या खोलगट अंगणात टाकली. उरली ती जेसीबीवाला म्हणाला, "फुकट उचलून नेतो, तुमची जागा मोकळी होईल." फुकट म्हटल्यावर आपली माणसं कागद विचारत नाहीत. त्याने ती दोन कोसांवर एका भरणीवर नेऊन विकली. तिथे तपासणी झाली, ड्रायव्हरने पत्ता सांगितला, आणि आठ दिवसांत तलाठी पंचनाम्याला हजर. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. टेबलावर अजून सगळे तलाठीच म्हणतात.)

भरणीसाठी वापरलेली साधी माती हे गौण खनिज आहे, म्हणजे बांधकामाच्या दगड-वाळूच्या यादीतलं. केंद्राच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने बांध, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या कामात भराव किंवा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी माती गौण खनिजात घातली. यातला वापर हा शब्द धरून ठेवा. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने हाच मुद्दा सुप्रीम कोर्टात नेला. डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की पाया किंवा तळघर खणताना निघालेली माती कशासाठी वापरली ते प्रत्येक प्रकरणात तपासा, नुसतं खणलं म्हणून दंड लावू नका. त्यानंतर २०१५ मध्ये गौण खनिजाच्या नियमांतही आलं की भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणाला किंवा त्याच कामात वापरली, तर तिच्यावर स्वामित्वधन नाही.

तेव्हा माती कुंपणाच्या आत राहिली तर एक हिशोब, कुंपणाबाहेर गेली तर दुसरा. फुकट दिली तरी ती बाहेरच गेली.

खणायच्या आदल्या दिवशी जागेचे चारही बाजूंनी फोटो काढा, मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटेल असे. फूटपट्टी, नाहीतर निदान ओळखता येईल अशी काठी, फोटोत धरा. आर्किटेक्टकडून उत्खननाचं माप लेखी घ्या: किती खणणार, त्यातलं किती जागेवर वापरणार, किती बाहेर जाणार. बाहेर जाणार असेल तर आधी अर्ज करा. किती ब्रास आहे (हे माप पुढे सांगते) त्यावर परवानगी कोणत्या अधिकाऱ्याकडून मिळेल ते ठरतं, म्हणून अर्जात आकडा हवाच. स्वामित्वधन भरलं की वाहतुकीचा पास महाखनिज या सरकारी ऑनलाइन यंत्रणेतून निघतो. प्रत्येक खेपेला पास. ड्रायव्हरकडे पास नसेल तर गाडी फाटकाबाहेर सोडू नका, तो कितीही घाईत असला तरी. बांधकामाच्या परवानगीत उत्खननाची परवानगी आली, असं बिल्डरचा माणूस छातीठोकपणे सांगतो. ती येत नाही.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा आणि शंभराने भागा. भाऊजींचा खड्डा ४० गुणिले २५ गुणिले ८, म्हणजे ८,००० घनफूट, म्हणजे ८० ब्रास. पंचनाम्यात लिहिले होते अंदाजे १२० ब्रास! 'अंदाजे' या शब्दाने जेवढी घरं बुडवली तेवढी दारूनेही बुडवली नसतील.

पंचनामा वाचताना

खणलेली माती फुगते. खड्ड्यातली ८० ब्रास माती ढिगात शंभरच्या आसपास दिसते, डंपरच्या खेपा मोजल्या तरी तेच. म्हणून माप खड्ड्याचं मागा. ढिगाचं आणि खेपांचं माप मान्य नाही, असं तिथल्या तिथे पंचनाम्याखाली लिहा आणि मग सही करा. सही करायला नकार देऊन काही साधत नाही, 'सही करण्यास नकार दिला' एवढं लिहून ते पुढे जातात.

दुसरं, काय निघालं ते कोणत्या शब्दात लिहिलंय ते बघा. सवलत मातीची आहे. दगड निघाला असेल तर ती चालत नाही, आणि मुरूम हाही यादीत वेगळा लिहिलेला आहे, त्यामुळे 'मुरूम' शब्द पडला की वाद घालत बसावं लागतं. ओवळ्याला वरचे पाच-सहा फूट माती आणि खाली मऊ मुरूम, आमच्या पंचनाम्यात सगळंच 'मुरूम'. आर्किटेक्टने खड्ड्याच्या भिंतीचे फोटो काढून ठेवले होते, त्यात थर दिसत होते. ते फोटो नसते तर मला बोलायला तोंड नव्हतं.

नोटीस आली की मुदतीत खुलासा द्या. हे वाक्य मी रोज कोणाला तरी सांगते आणि रोज कोणीतरी 'माझा माणूस आहे आत' म्हणून मुदत घालवून येतो. खुलाशाला सातबारा, मंजूर नकाशा, आर्किटेक्टचं माप, तारखेचे फोटो, जागेवर माती कुठे वापरली त्याचा साधा नकाशा जोडा. आम्ही दाखवलं की जोत्यात २० आणि अंगणात ३२, मिळून ५२ ब्रास जागेवर आहेत, बाहेर गेले २८. तेवढं कबूल केलं. कबूल करू नका असा सल्ला देणारे तीन जण भेटले, पण भरणीवरच्या गाडीचा नंबर कागदावर होता, तो कसा खोटा करणार?

कलम ४८ च्या पोटकलम ७ प्रमाणे दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत लागू शकतो आणि पोटकलम ८ खाली मशीन, गाडी जप्त होते, ती सोडवायची रक्कम लाखांत जाते. आमचा दंड २८ ब्रासवर आला, १२० वर नाही. आदेश पटला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील असतं, मुदत ६० दिवस. भाऊजींनी अपील केलं नाही. भरले पैसे. जेसीबीवाला नंतर दिसलाच नाही, त्याचा फोन अजून बंद आहे.

जल

पाण्याचं गणित वेगळं आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, ठरावीक प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करायचा हक्क जमीनमालकाला आहे. विहीर तुमची, पाणी तुमचं, या समजाचं मूळ इथे आहे. पण २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा त्याच्यावर येऊन बसला. अधिसूचित क्षेत्रात परवानगीशिवाय नवी विहीर नाही. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटर अंतराची अट १९९३ च्या कायद्यापासून आहे. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. रिगवाला गाडीतून उतरतानाच तीनशे फुटांची भाषा करतो, कारण त्याचा दर फुटावर असतो.

बोअर मारायच्या आधी महापालिकेत विचारा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात क्षेत्र अधिसूचित आहे का विचारा, आणि रिगवाल्याची नोंदणी बघा. आपल्याखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी सगळीकडे सारखं नसतं, भेगांमध्ये आणि थरांच्या सांध्यात असतं. शेजाऱ्याला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. खाडीच्या अंगाला तर लागलं तरी मचूळ. माझ्या नणंदेच्या कोपरखैरण्याच्या गल्लीत बोअरचं पाणी आहे ते फक्त गाड्या धुवायला.

नणंदेचा प्रश्न, म्हणजे नवी मुंबई

नणंद म्हणते, आमच्याकडे सातबाराच नाही, मग तुझं सगळं पुराण आम्हाला कशाला? बरोबर आहे. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली आणि सिडकोने भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. ज्यांची जमीन गेली त्यांना मिळालेले साडेबारा टक्क्यांचे भूखंडही भाडेपट्ट्यानेच. तिथे तुम्ही पट्टेदार आहात, मालक नाही. तेव्हा सगळ्यात आधी पट्ट्याचा करार काढा आणि उत्खननाची अट शोधा. पायासाठी लागेल तेवढं सोडून जमीन खणू नये, दगड-माती बाहेर नेऊ नये, अशा अर्थाची अट या करारांत असते. म्हणजे सरकारच्या हक्कावर आणखी एक कुलूप. रो-हाउसच्या खाली गुपचूप तळघर काढणाऱ्यांचे किस्से मला माहीत आहेत, लिहिणार नाही.

शेजारी खणतो तेव्हा

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो, कारण नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंत पुनर्विकास चालू आहे आणि गाड्यांसाठी दोन-दोन मजले खाली जातात. तुमच्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार आहे, तो मिळत राहण्याचा हक्क तुम्हाला त्याच १८८२ च्या कायद्याने आहे. मात्र कलम ७ मधला हा हक्क नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीचा आहे. तुमच्या इमारतीच्या वजनाला आधार हवा असेल तर कलम १५ लागतं: विनातक्रार, अखंड वीस वर्षं तो आधार मिळत आलेला हवा.

म्हणून इमारत वीस वर्षांहून जुनी असल्याचा पुरावा आधी काढा. भोगवटा प्रमाणपत्र, जुनी घरपट्टीची पावती, विजेचं पहिलं बिल, जे सापडेल ते. शेजारी बांधकामाचं पत्र्याचं कुंपण लागलं की आतल्या-बाहेरच्या भिंतींचे, जिन्याचे, टाकीचे फोटो घ्या. आधीच असलेल्या भेगा लपवू नका, त्यांच्यावर पेन्सिलीने तारीख टाका. मग वाढली की वाढलेली दिसते. सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला आणि महापालिकेच्या शहर विकास विभागाला पत्र द्या, खड्ड्याच्या कडेला कोणती आधारभिंत घालणार ते विचारा, पोच घ्या. भिंत खचल्यावर पत्र लिहिणाऱ्यांचं ऐकायला वेळ लागतो.

बोगद्यांनाही हेच. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा जोडरस्ते धरून ११.८ किलोमीटरचा आहे, बुलेट ट्रेनचा शिळफाट्यापर्यंतचा २१. आपल्याखालून जातोय का हे नकाशावरून ठरतं, चहाच्या टपरीवरून नाही. नोटीस आली तर मोजणीला हजर राहा.

इतर हक्काचा रकाना

घोडबंदर, शिळफाटा, पनवेलकडे जमीन घेताना सातबाऱ्यातला 'इतर हक्क' हा रकाना पहिल्यांदा वाचा. गॅस किंवा तेलाची पाइपलाइन जमिनीखालून गेली असेल तर त्याची नोंद तिथे असू शकते. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने जमीन तुमचीच राहते, फक्त त्या पट्ट्याचा वापरहक्क जातो. अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस मिळतात. वापरहक्काची भरपाई बाजारमूल्याच्या १० टक्के, पिकाचं, झाडाचं नुकसान वेगळं. पट्ट्यावर शेती चालते, पण बांधकाम, विहीर, तलाव, झाड नाही. 'एनए होईल' म्हणून विकलेला प्लॉट बरोबर त्या पट्ट्यावर निघालेला मी पाहिलाय. रकान्यात नोंद होती, घेणाऱ्याने क्षेत्रफळ तेवढं वाचलं.

निधी, निक्षेप

हंड्याबद्दल विचारल्याशिवाय कोणी टेबलावरून उठत नाही, म्हणून लिहिते. ठाण्यात हे अगदीच हवेतलं नाही. १७८७ मध्ये इथल्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा. गंमत म्हणजे तोही एक जमीन दिल्याचाच दस्त!

१८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत दडवलेलं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. वस्तू कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचं. मग जाहीर नोटीस निघते, दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख मिळते. कोणाचाच हक्क सिद्ध झाला नाही आणि आपसात वेगळा करार नसेल, तर ज्याला सापडलं त्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. म्हणजे तुमच्या प्लॉटवर मजुराच्या कुदळीला हंडा लागला तर मोठा वाटा मजुराचा. हे सांगितल्यावर मालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते ती घेऊ शकतं. लपवलं तर ज्याला सापडलं त्याला एक वर्षापर्यंत कैद, मालकाने साथ दिली तर त्याला सहा महिने. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, नाणी, ताम्रपट यांना १९७२ चा पुरावशेष कायदाही आहे, तेव्हा धुऊन पुसून देव्हाऱ्यात ठेवू नका.

भाऊजींच्या खड्ड्यात एक तुटका वरवंटा निघाला. तो जाऊबाईंनी तुळशीपाशी ठेवलाय.

मंगलाष्टकाची ओळ मी काढून टाकलेली नाही. अण्णांची ओळ आहे, हात धजत नाही. तिच्या शेवटी आता एवढं जोडते: 'मात्र कायद्याने शासनाकडे राखून ठेवलेले खनिजांचे व इतर हक्क वगळून.' परवा एका विकणाऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, "बाई, एवढं काढा, गिऱ्हाईक बिचकेल." गिऱ्हाईक शेजारीच बसलं होतं. त्याने चष्मा लावला आणि म्हणाला, "मॅडम, ही ओळ जरा मोठ्या अक्षरात घ्या."